दानाचे उद्यान आणि शहराचे कर्तव्य

एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांना भिडला की जळगावात सावली ही चैन राहत नाही. ती जगण्याची गरज होते. अशा शहरात महात्मा गांधी उद्यान आणि काव्यरत्नावली चौकातील भाऊंचे उद्यान फुलवून जैन उद्योगसमूहाने नागरिकांना ऋणी केले आहे. खानदेशच्या कोरड्या भूमीत ठिबक सिंचनाचा उद्योग उभारणारे भवरलाल जैन 2016 साली निवर्तले. त्यांचे स्मारक दगडाचे न होता झाडांचे व्हावे, हे उचितच झाले.

परंतु कृतज्ञता निराळी आणि कर्तव्य निराळे. उद्योगाने बाग दिली म्हणजे महापालिका मोकळी झाली काय?

टाटांच्या पोलाद कारखान्याने सुवर्णमहोत्सवानिमित्त जमशेदपूरला ज्युबिली पार्क दिले. 1 मार्च 1958 रोजी पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. ते आजही टिकून आहे, कारण त्या नगराची बहुतेक व्यवस्था कंपनीच पाहत आली. तेथे बाग मिळाली, पण लोकनियुक्त महापालिकेला जाब विचारण्याचा हक्क नागरिकांना मिळाला नाही. जळगावकरांना तो हक्क आहे. प्रश्न एवढाच, की तो वापरायचा की दात्याच्या दारी ठेवून निश्चिंत व्हायचे?

हुडकोच्या कर्जाने आमच्या महापालिकेचे कंबरडे मोडले होते, हे सर्वश्रुत आहे. पण उद्योगाचे दिवसही सारखे नसतात. जैन इरिगेशन 2019 साली कर्जफेडीच्या संकटात सापडली आणि 2022 साली पुनर्रचनेनंतर सावरली. दात्याच्या नफ्यातोट्यावर शहराची सावली अवलंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. या उद्यानांविषयीचे करार, त्यांची मुदत, देखभालीचा खर्च आणि प्रवेशाच्या अटी उद्यानांच्या दारावर मराठीत लावाव्यात. महापालिकेने अंदाजपत्रकात उद्यानांसाठी स्वतंत्र तरतूद दरवर्षी करावी. दात्याने हात आखडता घेतला तरी झाडे पाण्यावाचून सुकता कामा नयेत.

ज्या मासिकाचे नाव त्या चौकाला मिळाले, ते 'काव्यरत्नावली' 1887 साली ना. न. फडणीस यांनी जळगावात सुरू केले आणि चाळीसहून अधिक वर्षे एकनिष्ठेने चालविले. आज मासिक नाही. चौकाला नाव तेवढे उरले आहे. बागेचे तसे होऊ नये, ही जबाबदारी दात्याची नव्हे, आपली आहे.