पदरमोड कोणाची?

अमरावतीच्या परकोटात, अंबागेटाच्या आतल्या बाजूस, एका जुन्या वाड्याची माडी खचली आहे. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. वाड्यात दोन भाडेकरू, दोघांचे मिळून महिन्याचे भाडे तीनशे रुपये. दुरुस्ती का करीत नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, "भाऊ, गवंड्याची एका दिवसाची मजुरी याहून जास्त आहे." या हिशेबावर काय बोलावे?

हा हिशेब १९४९ सालचा आहे. युद्धोत्तर टंचाईच्या काळात तत्कालीन मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने भाडे नियंत्रणाचा आदेश काढला. भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वी मालकाने भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी आणि ती मिळाल्यावर पुन्हा दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी, अशी ही दुहेरी वाट. टंचाईवरचे हे औषध अकोला-अमरावतीने अर्धे शतक घेतले. गोठविलेले भाडे कालांतराने अन्यायकारक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्याविषयी १९९७ मध्ये सुनावले. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला एकच कायदा लागू झाला. त्यात भाडेवाढ वर्षाला चार टक्के. तेव्हाचे साठ रुपये भाडे चक्रवाढीने धरले, तरी पंचवीस वर्षांनी ते एकशे साठ होते. एवढ्यात चुना तरी येईल काय?

यावर मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतील, नियमनच नको. त्यांनी याच शहरांच्या वेशीबाहेर जाऊन यावे. तेथे बाजार खरोखरच मुक्त होता. शेताचे तुकडे पाडून, अकृषिक परवानगीवाचून, मुद्रांकावरच्या इसारचिठ्ठीवर भूखंड विकले गेले. विकणारा पैसे घेऊन निघून गेला. घेणाऱ्याच्या वाट्याला ना नाली, ना रस्ता, ना सातबाऱ्यावर नाव. अखेर २००१ साली गुंठेवारी कायदा करून शासनाने ती बांधकामे नियमित करण्याचे ठरविले. पुढे त्याची मुदतही २०२० अखेरपर्यंत वाढविली. पाप विक्रेत्याचे आणि प्रायश्चित्ताचे शुल्क मात्र रहिवाशाने भरायचे!

अर्थशास्त्रात कौटिल्याने घरांविषयी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सांडपाण्याची वाट कशी असावी, दोन घरांत अंतर किती असावे, हे तो काटेकोरपणे सांगतो. मनाई केल्यावरही न हलणाऱ्या भाडेकरूस बारा पण दंड आणि भाडे देणाऱ्यास विनाकारण बाहेर काढणाऱ्या मालकासही तितकाच. भाड्याचा आकडा मात्र त्याने तेथे ठरवून दिलेला नाही. आम्ही नेमके उलटे केले. आकडा बांधला आणि नाली मोकळी सोडली.

आता पुन्हा त्या वाड्याकडे येऊ. दोन भाडेकरूंपैकी एकाने स्वतःचा बंगला कधीच बांधला. वाड्यातील खोल्यांना त्याचे कुलूप असते. सहा महिने सकारण नसताना जागा न वापरल्यास ती सोडवून घेण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. पण दावा चालविण्याइतके आयुष्य बाईंकडे आहे काय? दुसरा भाडेकरू बाजारात हमाली करतो. त्याला आजच्या दराने भाडे देणे कदापि शक्य नाही, आणि त्याला रस्त्यावर काढा, असे म्हणण्याची आमची छाती नाही. बाजार त्याच्यासाठी घर बांधणार नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु कायद्याच्या लेखी बंगलेवाला आणि हमाल एकच, आणि दोघांनाही पोसायचे ते एका वृद्धेने.

हमालाला स्वस्त निवारा मिळावा, ही समाजाची इच्छा असेल, तर तिची पदरमोड समाजाने करावी. अमरावतीत आणि अकोल्यात शासनाच्या नझूल जमिनी आहेत. त्यांपैकी काहींवर हमाल, दालमिलचे मजूर, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांच्यासाठी भाड्याच्या खोल्या बांधता येतील. मालकी हक्काची घरे वाटण्याच्या योजनांना मतांचे फळ येते, भाड्याच्या खोल्यांना येत नाही. म्हणूनच बहुधा त्यांचा विचार कोणी करीत नाही. तो महापालिकांच्या अंदाजपत्रकांत प्रथम दिसू द्या. मग जुन्या भाड्याचे बंधन टप्प्याटप्प्याने सैल करण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण उरणार नाही.