सोनं जनतेनं दिलं, हमी सरकारनं द्यावी

सहकारी बँकेत सोनेतारणाच्या काउंटरवर मी नोकरी केली. बाळाची अंगठी पुढे सरकवताना आईचा हात कसा अडखळतो, हे जवळून पाहिलंय. म्हणून १९९८ चा दक्षिण कोरिया माझ्या मनातून जात नाही. परकीय गंगाजळी आटलेली, देश नाणेनिधीच्या दारात. आणि सुमारे ३५ लाख लोक लग्नाच्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या घेऊन रांगेत! २२७ टन सोनं जमलं. ते वितळवून परदेशात विकलं, लोकांना मोबदला वॉनमध्ये मिळाला.

पण त्याचे डॉलर झाले दोन अब्जांच्या आसपास. मदतीचं पॅकेज होतं ५० अब्जांहून मोठं. देश सावरला, कारण बुडीत बँका बंद झाल्या, बेकारी विमा लहान आस्थापनांपर्यंत पोहोचला, सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले. त्या समझोत्यात कामगार प्रतिनिधींना नोकरकपात मान्य करावी लागली. हा घाव मला फार मोठा वाटतो. ऑगस्ट २००१ मध्ये नाणेनिधीचं कर्ज मुदतीच्या तीन वर्षं आधी फिटलं.

आपल्याकडे संकटात त्यागाचं आवाहन करणाऱ्यांनी असंघटित कामगाराच्या बेकारी विम्याचं काय, ते आधी सांगावं.