रात्रीचा पारा कोण विणणार?

उन्हाळा लागला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्याला वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जागा मिळते. एरवी कोळसा, सिमेंट आणि वाघ एवढ्याच निमित्तांनी आठवणारा हा जिल्हा एप्रिल-मेमध्ये एका आकड्याने ओळखला जातो. २०१९च्या मे महिन्याच्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. २०२५च्या एप्रिलमध्येच तो ४५च्या पुढे गेला आणि देशातल्या सर्वांत तप्त शहरांत चंद्रपूरची गणना झाली. आकडा छापून येतो, चहाबरोबर वाचला जातो, दुसऱ्या दिवशी नवा येतो आणि कालचा विस्मरणात जातो. पण यंदा ४२च्या वरचे दिवस किती गेले, सलग किती गेले, असे दिवाळीत कोणाला विचारावे, तर सांगता येत नाही. ‘खूपच ऊन होतं बुवा’ यापलीकडे आपली आठवण जात नाही.

या विसराळूपणावर परदेशातल्या विणकाम करणाऱ्या मंडळींनी एक गमतीदार तोडगा काढला आहे. रोज दोन ओळी विणायच्या आणि त्या दिवशी जे तापमान असेल, त्याला ठरवून दिलेल्या रंगाचा दोरा घ्यायचा. वर्ष संपले की हातात एक पांघरूण येते आणि त्यावर अख्खे वर्ष उमटलेले असते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २०१७मध्ये ‘टेम्पेस्ट्री प्रोजेक्ट’ या नावाने हा उद्योग शिस्तीत सुरू झाला. अंश आणि रंग यांचे कोष्टक सर्वांसाठी एकच ठेवले, म्हणजे दोन गावांची किंवा दोन वर्षांची वीण शेजारी ठेवून ताडता यावी. २०१८मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे चित्र केले. त्यावर एकही आकडा नाही, पण निळ्याकडून तांबड्याकडे जाणारी पृथ्वी लहान मुलालाही दिसते. त्याच वर्षी जर्मनीत म्युनिकजवळच्या एका बाईंनी रोजच्या आगगाडीला झालेला उशीर रंगारंगाने मफलरीत विणला. पुढे लिलावात त्या मफलरीला साडेसात हजार युरो आले आणि रेल्वेच्या कारभाराची चर्चा देशभर झाली. तक्रारीच्या अर्जाला जे साधत नाही, ते कधी कधी दोऱ्याला साधते.

आपल्याला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. आजीच्या गोधडीत कोणत्या लुगड्याचा तुकडा कुठे आहे, यावरून घराचा इतिहास सांगणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. गडचांदुरात बसून असे पांघरूण विणायचे मी ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न अर्थातच आला, ‘इथे आणि पांघरूण?’ त्यावर उत्तर असे की, आमच्या कोरपना तालुक्यात कापूस पिकतो. तेव्हा लोकर नको, जाड सुती दोरा घ्यावा. नमुना विणून पाहिला, तर दहा सेंटिमीटरला ४० ओळी बसल्या. दिवसाला दोन ओळी म्हणजे वर्षाच्या ७३०. लांबी झाली सुमारे १८२ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट. हिशेब जमला.

अडचण आली ती रंगांची. थंड देशांतली कोष्टके पाहिली, तर त्यांचा शेवटचा गडद तांबडा रंग ३५-३८ अंशांपाशीच संपतो. ते जसेच्या तसे घेतले, तर आमचे एप्रिल, मे आणि निम्मा जून एकाच रंगाचा सपाट पट्टा होईल. ३९ आणि ४७ यांत काही फरकच उरणार नाही. म्हणून कोष्टक नव्याने आखावे लागले. बाराच्या खाली गडद निळा. तिथून ४०पर्यंत दर चार अंशांना एक रंग. पुढे मात्र बारकाईने जायचे: ४० ते ४२, ४२ ते ४५, ४५ ते ४७ आणि ४७च्या वर. एकूण रंग बारा. वर्ष सुरू होण्याआधी कोष्टक पक्के करायचे आणि मग काही झाले तरी बदलायचे नाही. मध्येच मोजपट्टी बदलली, तर ती नोंद राहत नाही.

दुसरा प्रश्न आकडा कुठून घ्यायचा हा. हवामान खात्याची रोज बातमीत येणारी केंद्रे आमच्या जिल्ह्यात दोन, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी. गडचांदूरला चंद्रपूरचाच आकडा उसना घ्यावा लागतो. तो मोजला जातो पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीत. म्हणजे तो हवेचा आकडा आहे. टिनाच्या छपराखाली किंवा तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या पायाखाली जे असते, ते वेगळेच. उलट, मोठा आकडा दिसला म्हणून तो खरा असतो असेही नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. उपकरणात बिघाड होता, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. विणणाऱ्याने असा आकडा एक दिवस थांबून, खात्री करूनच सुईवर घ्यावा. बातमी देणाऱ्यांनीही हा नियम पाळायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवसाचे तापमान म्हणजे कोणते? दुपारचे कमाल की पहाटेचे किमान? बहुतेक विणणारे कमाल घेतात, वर्तमानपत्रेही तेच मोठ्या टाइपात छापतात. मी दोन पट्ट्या विणायचे ठरवले. तीन फूट रुंदीची दिवसाची, दीड फूट रुंदीची रात्रीची. शेवटी दोन्ही शेजारी ठेवून शिवायच्या. कोष्टक दोन्हींना एकच. चंद्रपूरची महिनावार सरासरी घेऊन कागदावर रंग भरून पाहिले आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. जानेवारीतल्या दुपारला जो हळदी रंग येतो, तोच मे महिन्यातल्या पहाटेला येतो! थंडीतल्या भर दुपारी असते जवळपास तेवढी उष्णता उन्हाळ्यात चोवीस तासांतल्या सर्वांत गार घटकेलाही असते. माणसाने विसावा घ्यायचा तो कधी?

हा केवळ चंद्रपूरचा प्रश्न नाही. १९०१पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षी देशाचे सरासरी कमाल तापमान नेहमीपेक्षा ०.२० अंशाने जास्त होते, तर किमान तापमान तब्बल ०.९० अंशाने. वर्ष विक्रमी ठरले ते मुख्यतः रात्रींमुळे. दिवसभर तापलेले शरीर रात्रीच्या गारव्यात सावरते, हृदयावरचा ताण उतरतो, झोप लागते. रात्रही तापलेली राहिली, तर कालचा थकवा आजच्या उन्हात नेला जातो. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि पहाटे उठून कामावर जाणारे मजूर यांना याचा फटका आधी बसतो.

आमच्या भागातल्या दुपारच्या उन्हाचे सगळे खापर कारखान्यांवर फोडणे बरोबर नाही. समुद्र दूर, आकाश निरभ्र, वायव्येकडून येणारे कोरडे वारे, या कारणांनी विदर्भ पूर्वीपासूनच तापतो. रात्रीचे मात्र तसे नाही. हवेतले बाष्प आणि ढग जमिनीची उष्णता अडवतात, तसेच सिमेंटचे स्लॅब, डांबरी रस्ते आणि झाडे नसलेली अंगणे दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते ओकत राहतात. चुनखडीच्या पट्ट्यात वाढलेल्या आमच्या गावात कौले आणि मातीच्या भिंती जाऊन स्लॅब आले, हे तर डोळ्यांदेखत घडले.

सरकारी व्याख्याही इथे तपासून पाहाव्यात. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढले, किंवा थेट ४५ला पोचले, तर उष्णतेची लाट मानतात. मेमध्ये आमची सरासरीच ४३च्या आसपास, म्हणजे ४४ अंशांचा दिवस लाटेत धरला जाणार नाही. ‘उष्ण रात्र’ ठरायलाही किमान तापमान सरासरीच्या साडेचार अंश वर हवे. सरासरी २८-२९ असलेल्या गावाने त्यासाठी ३३ अंशांची पहाट सोसावी लागते! शिवाय सरासरी दर काही वर्षांनी नव्याने काढली जाते, सध्या ती १९९१ ते २०२० या काळाची आहे. ताप वाढतो तशी सरासरीही वर सरकते आणि फरक कमी दिसतो. पांघरुणाचा रंग मात्र सरासरी जाणत नाही. ३० म्हणजे ३०.

अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, नागपूरनेही २०१६मध्ये त्याच वाटेवर पाऊल टाकले. दुपारी काम बंद, पाणपोया, सकाळच्या शाळा हे सगळे योग्यच. आता त्यात रात्रही यायला हवी. मे महिन्यात रात्रीचा वीजपुरवठा ही चैन नव्हे, आरोग्यसेवा समजावी. स्लॅबवर पांढरा चुना मारण्यासाठी गरीब घरांना मदत मिळावी. घरकुलाच्या नकाशात अंगण आणि झाड यांना जागा असावी. आणि वर्तमानपत्रांनी कमाल तापमानाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या टाइपात, किमान तापमान छापावे. त्याला तर काही खर्चही नाही.

ज्यांना विणता येते त्यांनी सुया घ्याव्यात, इतरांनी जुन्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत रोज दोन आकडे लिहावेत. शाळेतल्या मुलांना तर हा उपक्रम सहज जमेल, फक्त मोजपट्टी मध्येच बदलू नये. कोष्टकातला बारावा रंग, ४७च्या वरचा, मी गर्द जांभळा ठरवला आहे. त्याचा एकच गुंडा आणला आहे. दुकानदार म्हणाला, नंतर याच छटेचा मिळेलच असे नाही, दोन घेऊन ठेवा. दुसरा अजून घेतलेला नाही.