मृद आरोग्य पत्रिका वर्गात आणूया

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलांना जस्ताची संज्ञा विचारा, पटकन सांगतील. पण घरच्या मृद आरोग्य पत्रिकेत जस्त कमी दाखवलंय, मग काय करायचं, असं विचारलं की गप्प! चूक मुलांची नाही. आपणच मूलद्रव्ये एकेक, सुटी सुटी शिकवतो.

२०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत १२ तपासण्या असतात. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब सोडले तर बाकीच्या ९ अन्नद्रव्यांच्या : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. यांचा एकमेकांवर परिणाम होतो. स्फुरद फार झालं की पिकाला जस्त मिळणं अवघड होतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला ते घेता येत नाही, पानं पिवळी पडतात. तेव्हा युरिया टाकून काय उपयोग? त्यात अन्नद्रव्य एकच, ४६ टक्के नत्र. पैसे मात्र जातात.

म्हणून माझं मत आहे, मूलद्रव्यांच्या धड्यासोबत गावातली एक तरी पत्रिका वर्गात वाचून घ्यावी. संज्ञांचं पाठांतर परीक्षेपुरतं राहतं. हे वाचन घरी खत ठरवताना कामी येईल.