काडी मोडल्यानंतर

घटस्फोटानंतर जुन्या वस्तू घराबाहेर काढाव्यात, म्हणजे मनही मोकळे होते, असा सल्ला हल्ली मुक्तहस्ताने दिला जातो. सल्ला वाईट नाही. परंतु तो देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरचे घर शीव कोळीवाड्यातले नसते. येथे एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात आणि सासरहून परतलेल्या मुलीच्या वाट्याला पोटमाळ्यावरची एक ट्रंक येते. तिने आवरायचे तरी काय?

लग्न मोडणे आपल्याकडे नवे नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड होत असे, आणि पुढे पाटही लागे. पांढरपेशांना हे हिणकस वाटे. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची रूढी मोडली नाही, उलट कलम २९ मध्ये राखून ठेवली. त्याच कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय यायला १९७६ साल उजाडले! सुधारलेले कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

काडी मोडली, पण भांड्यांचे काय? ताटे, डबे, पिंप. प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. मुलगी ते नाव पाहते आणि म्हणते, "नको मला काही, सुटले एकदाची." येथेच माझा विरोध आहे. ती भांडी नुसत्या आठवणी नव्हेत. बापाने सोसायटीचे कर्ज काढून घेतलेली ती मालमत्ता आहे. स्त्रीधनावर केवळ स्त्रीचाच हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. उद्वेगाने सोडलेल्या वस्तूंनी मन हलके होते की नाही कोण जाणे, सासरचे कपाट मात्र भरते. म्हणून आधी यादी करावी, आपले ते मागून घ्यावे. टाकायचे ते नंतर. लग्नातला शालू मग खुशाल बोहारणीला द्यावा आणि ज्यावर कोणाचेच नाव नाही असे एक पातेले घ्यावे.

याच कोळीवाड्यात फाळणीनंतर पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे वसली. त्यांचे सामान तर एका रात्रीत कमी झाले होते. त्यामुळे त्यांना प्रसन्न वाटले, असे काही ऐकिवात नाही. वस्तू आपण होऊन सोडणे वेगळे आणि हातातून सुटणे वेगळे.

खरी अडगळ असते ती माणसांच्या बोलण्यात. नळावरचे "किती दिवस राहणार?", हळदीकुंकवाला न आलेले बोलावणे, वहिनीचा सुस्कारा. (वहिनीचीही बाजू आहे, तिचीही ट्रंक त्याच माळ्यावर असते.) ही अडगळ त्या मुलीला एकटीला काढता येत नाही. घरच्यांना एवढे करता येईल: तिचे नाव पुन्हा रेशनकार्डावर चढवावे, कपाटातला एक कप्पा किल्लीसह तिला द्यावा, आणि ती ट्रंक माळ्यावरून खाली काढून तिच्या हाताशी ठेवावी. त्यातले काय ठेवायचे, ते ती सवडीने पाहील.