‘दार घट्ट बसतंय, काय करू?’ मोबाइलवर सुतारकामाचा सल्ला मागताना आधी काय सांगाल?

जुलै उजाडला की जालन्यातल्या अनेक घरांत एक तरी दार अडायला लागतं. मग मोबाइलवर प्रश्न पडतो : ‘दार घट्ट बसतंय, काय करू?’ पाच मिनिटांत उत्तरं हजर. कुणी म्हणतं रंधा मारा, कुणी म्हणतं मेण लावा, कुणी बिजागरी बदलायला सांगतं. यातलं कुठलंही उत्तर बरोबर असू शकतं आणि कुठलंही दाराचं वाटोळं करू शकतं. कारण दार कशाचं आहे, कुठे घासतं आणि कधीपासून, हे कुणाला सांगितलेलंच नसतं.

पूर्वी हे सांगावं लागत नसे. गावच्या बलुतेदार सुताराला कोणाच्या वाड्याला सागवान आहे आणि कोणाच्या दाराला कडुनिंब, हे ठाऊक असे. कित्येकदा चौकट त्याच्याच वडिलांनी बसवलेली असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचं तपशीलवार वर्णन आहे. ती जातीने बांधलेली होती, तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण घरमालकाने अर्धंच वाक्य बोललं तरी उरलेलं सुताराला कळत होतं. मोबाइलच्या पलीकडे बसलेल्या माणसाला, किंवा एआयला, ते कळत नाही.

एकच तक्रार, तीन कारणं

पहिलं कारण पावसाची दमट हवा. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं. तरीही ढोबळ हिशेब करा : तीस इंच रुंद सलग फळ्यांच्या दारात ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर रुंदी दोन सुतांच्या आसपास वाढू शकते. अशा वेळी दार कडीकडच्या पूर्ण कडेने घासतं. पावसाळ्यात त्यावर जोरात रंधा मारला की मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, त्याच जागी बोट जाईल एवढी फट दिसते. रंध्याने काढलेलं लाकूड परत चिकटत नाही.

दुसरं, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होणं. दार झुकतं, कडीच्या बाजूचा वरचा कोपराच घासतो. इथे रंध्याची गरजच नाही.

तिसरं कारण जालन्याच्या जमिनीत आहे आणि दूरच्या सल्लागाराला ते सहसा सुचत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तडकते. पाया उथळ असेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते आणि चौकट काटकोनात राहत नाही. दाराच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी भेग गेली असेल, तर दोष दाराचा नाहीच. पण प्रश्नात भेगेचा उल्लेख नसेल तर उत्तरातही तो येणार नाही. लोक दार तासत बसतात आणि भेग वाढत राहते.

मग प्रश्न कसा असावा?

साधारण असा : ‘जालना, काळी जमीन, घर नऊ वर्षांचं. बेडरूमचं फळ्यांचं सागवानी दार, पावणेसात फूट बाय अडीच फूट, लाकडी चौकट. जूनपासून कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासतं, त्याच बाजूला खाली दोन सूत फट. बिजागऱ्या घट्ट आहेत. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, अर्ध्या इंचाचा फरक आला. घरात रंधा आणि स्क्रू ड्रायव्हर आहे.’ सोबत एक फोटो पूर्ण दाराचा, एक घासणाऱ्या जागेचा. टाइप करायला तीन मिनिटं लागतील. परराज्यातल्या किंवा परदेशातल्या माणसाला विचारत असाल तर ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग, हेही लिहा.

नुसतं ‘सागवान’ म्हणूनही भागत नाही. दुकानात सीपी, बर्मा, घाना अशा नावांनी वेगवेगळा माल मिळतो. दार फ्लश डोअर असेल तर गोष्टच वेगळी. त्यातले थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने रुंदी फारशी वाढत नाही, पण खालची कड रंगवायची राहिली असेल तर फरशीचं पाणी तिथूनच शिरतं.

सगळा दोष विचारणाऱ्यावर ढकलणंही बरोबर नाही. ज्याला रोग माहीत नाही, त्याने लक्षणं नेमकी कशी निवडावीत? म्हणून उत्तर देणाऱ्याकडे बघावं. ‘कुठे घासतं? कधीपासून?’ असं उलट विचारणारा माणूस थेट ‘रंधा मारा’ म्हणणाऱ्यापेक्षा कामाचा. उलट प्रश्न आले की वैतागू नका, मोजपट्टी घ्या.

वरच्या नमुन्यातल्या दाराचंच घ्या. बिजागऱ्या घट्ट आहेत आणि कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक आहे. भिंतीवर तिरकी भेगही दिसली, तर आधी सुताराला नव्हे, जाणकार गवंड्याला किंवा इंजिनिअरला बोलवा. रंध्याचं काय ते दिवाळीनंतर पुन्हा मोजून बघता येईल.