मॅटाडोर ही 'भारतीय फोक्सवॅगन' नव्हे!

जुन्या मॅटाडोरचे छायाचित्र समाजमाध्यमावर झळकले, की त्याखाली हटकून एक वाक्य उमटते : "ही तर आपली फोक्सवॅगन बस!" कोणी पुढे जाऊन सांगतो, इंजिनही तेच, हवेवर थंड होणारे. दुसरा म्हणतो, छे, इंजिन तर मर्सिडीजचे. दोन्ही विधाने एकाच गाडीविषयी असतात आणि दोन्हींना सारखीच दाद मिळते. मित्रहो, चेहऱ्यावरून वंशावळ मांडण्याचा हा उद्योग आता पुरे. बोनेट उघडून पाहू.

प्रथम सत्याचा अंश. 'मॅटाडोर' हे नाव जन्मले तेव्हा तिच्यात खरोखरच फोक्सवॅगनचे इंजिन होते. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागातील 'विडाल अँड सोन' या कारखान्याने १९४९ साली टेम्पो मॅटाडोर बाजारात आणली. बीटल मोटारीचे ११३१ घनसेंटीमीटरचे, २५ अश्वशक्तीचे, चार आडव्या सिलिंडरांचे इंजिन तिच्या पुढच्या अंगाला बसवले होते. फोक्सवॅगनच्या स्वतःच्या व्हॅनचे उत्पादन सुरू झाले मार्च १९५० मध्ये. म्हणजे ज्येष्ठत्वाचा वाद घालायचाच, तर थोरली बहीण मॅटाडोर ठरते. (फोक्सवॅगननेही नक्कल केली नव्हती, बेन पॉन या डच व्यापाऱ्याने त्या व्हॅनचे रेखाटन १९४७ मध्येच केले होते.)

आता खरी गंमत पाहा. इंजिन एकच, पण गाड्या दोन स्वभावांच्या. फोक्सवॅगनने ते मागे ठेवले. पंखा हवा ओढतो, सिलिंडरांच्या पात्यांवरून फिरवतो, तेलही थंड करतो. रेडिएटर नाही, म्हणून उकळण्याची भीती नाही. मात्र मागे इंजिन आले की मालाचा तळ तिथे उंचावतो. विडालने इंजिन पुढे ठेवून पुढचीच चाके फिरवली आणि मागचा तळ जमिनीलगत आणला. ज्याने पाठीवरून पोते चढवले आहे, त्याला या वीतभर उंचीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मॅटाडोरचे वेगळेपण या मांडणीत होते. १९५२ मध्ये फोक्सवॅगनने इंजिने देणे थांबवले आणि मॅटाडोर हाइंकेलच्या व पुढे ऑस्टिनच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनांकडे वळली. मॅटाडोर आणि त्या हवेवरच्या इंजिनाचा संसार अवघा तीन वर्षांचा, तोही जर्मनीत.

आपल्याकडे काय आले? न. कि. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभारली आणि विडालशी करार करून 'हॅन्सीट' ही तीनचाकी आणली. तिचे सुमारे ४०० घनसेंटीमीटरचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक इंजिन पाण्यावरच थंड होत असे. हिच्याच कपाळावरचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. आज कोणत्याही कंपनीची गाडी असो, माल नेतो तो टेम्पोच. मॅटाडोर हे नाव भारतात आले १९६९ मध्ये. मर्सिडीजच्या ओएम ६१६ डिझेल इंजिनासाठी डाइमलर-बेंझशी करार झाला तो १९८२ मध्ये. तेव्हा 'मर्सिडीजचे इंजिन' ही बढाई नंतरच्या मॅटाडोरला शोभते, पहिल्या पिढीला नाही. आणि 'फोक्सवॅगनचे इंजिन' ही तर आपल्या एकाही पिढीला शोभत नाही.

मग हवेवर थंड होणारी आपली मालगाडी कोणती? उत्तर इतके समोर आहे, की दिसत नाही. आकुर्डीतून निघालेली बजाजची तीनचाकी! मूळ आराखडा पियाज्जोच्या १९४८ च्या 'आपे'चा. मागच्या बाजूला एक सिलिंडर, पंख्याची हवा, टू-स्ट्रोकचा निळा धूर. फोक्सवॅगनच्या मांडणीचे खरे नातलग शोधायचे तर ते या पाव, दूध आणि सिलिंडर वाहणाऱ्या डब्यात सापडतील. पण तिला रंग देऊन प्रदर्शनात कोण उभी करणार? त्यावर हिप्पींची फुले नाहीत ना!

हे सारे पनवेलकरांना सांगण्याचे कारण आहे. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता इथे फुटतो. बोरघाट चढणाऱ्या मालाने पिढ्यान्‌पिढ्या याच गावातून वाट काढली. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने पनवेलच्या गाडीच्या चाकांच्या धंद्याची नोंद घेतली. परक्या सरकारला बैलगाडीचे चाक नोंदवण्याजोगे वाटले. आपल्या सरकारला टेम्पो वाटत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' दर्जा मिळतो तो पन्नास वर्षांवरील दुचाकींना आणि प्रवासी चारचाकींना, आयात केलेल्या गाड्यांसह. म्हणजे जर्मनीहून आणलेली प्रवासी फोक्सवॅगन बस 'व्हीए' मालिकेचा मानाचा क्रमांक मागू शकते. हॅन्सीटला तो दरवाजा बंद, कारण तिला तीन चाके. मालवाहू मॅटाडोरलाही बंद, कारण ती माल वाहते.

तेव्हा छायाचित्राखाली 'आपली फोक्सवॅगन' लिहिण्याऐवजी परिवहन मंत्रालयाला लिहा : व्हिंटेजच्या व्याख्येत तीनचाकी आणि मालवाहू वाहने घाला. आणि गावातल्या एखाद्या गॅरेजमागे गंजत पडलेली हॅन्सीट दिसली, तर भंगारवाला पोहोचण्याआधी तिच्या इंजिनावरचा क्रमांक टिपून ठेवा.